सावली कुठं ठेवायची, ते आधी ठरव

मी सिनेमाचा छायालेखक, म्हणून कोल्हापुरातल्या एका मुलीनं मला विचारलंय. वय २३, तीन वर्षं लग्नाचं शूटिंग करते, स्वतःचा मिररलेस कॅमेरा आणि दोन लेन्स आहेत. यंदाचा हंगाम चांगला गेला म्हणून घरचे म्हणतात, मोठा कॅमेरा घे. तिला मात्र सिनेमाचं छायालेखन, म्हणजे कॅमेऱ्याचं आणि उजेडाचं काम, करायचंय. मोठा कॅमेरा घ्यावा का, त्यासाठी संस्थेत शिकावंच लागतं का, हे तिचे दोन प्रश्न. तिसरा जरा हळवेपणानं विचारलाय: "माझा एकेक शॉट देखणा येतो, पण सगळे जोडून बघितले की ते काहीच सांगत नाहीत. दृश्यातून गोष्ट सांगायची म्हणजे नेमकं काय करायचं?" सोबत हळदीचा चार मिनिटांचा व्हिडिओ पाठवलाय.

पहिल्या दोन प्रश्नांना फार वेळ लागणार नाही, ते नंतर घेऊ. तिसऱ्याला लागेल.

तुझा व्हिडिओ तीनदा बघितला. रंग चांगले आहेत, हात स्थिर आहे, फोकस कुठं सुटलेला नाही. त्यात एक मिनिट दहा सेकंदांवर नवरीची आजी दिसते. कोपऱ्यात खुर्चीवर बसलीय, हातात पदराचं टोक, आणि ती नवरीकडं बघत नाहीये, दाराकडं बघतेय. तिथं तुझा गिंबल, म्हणजे चालताना कॅमेरा स्थिर धरणारी दांडी, तिच्यावरून सरकत झेंडूच्या माळांवर गेला. आजीवरून आणि झेंडूवरून एकाच गतीनं गेला. समोरून दोन एलईडी पॅनेल लावलेत, त्यामुळं आजी, झेंडू, मागची निळी भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं सारख्याच उजेडात आहे. तुझ्या शॉटमध्ये सगळंच दिसतं, म्हणून बघणाऱ्याला काय बघायचं ते कळत नाही. तू जिथं अडलीयेस ती जागा हीच.

मीही कोल्हापूरचाच, मंगळवार पेठेतला. १९९१ साली, अकरावीत असताना, घराजवळच्या एका फोटो स्टुडिओत काम करायला लागलो. मालकांना आम्ही काका म्हणायचो. तेव्हा अजून कृष्णधवल फोटो काढले जायचे, आणि माझं काम निगेटिव्ह रिटच करायचं. पेन्सिलीचं शिस पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करायचं, उतरत्या काचेच्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवायची, मागून उजेड, आणि चेहऱ्यावरचे डाग, देवीचे व्रण बारीक टिंबांनी भरून काढायचे. निगेटिव्हवर काळा डाग पारदर्शक दिसतो. तो भरला की छापात उजळतो. महिन्याभरात हात बसला आणि मला वाटलं आपल्याला आलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोटो होता. मी डोळ्यांखालची, नाकाच्या बाजूची, गालफडाखालची सगळी सावली भरून काढली. छाप आल्यावर काकांनी तो बराच वेळ धरला आणि म्हणाले, "अरं, म्हाताऱ्याची सावली खाल्लीस की. आता घरची तरी ओळखतील काय त्याला?" फोटो खरंच सपाट आला होता, पिठाच्या गोळ्यागत. माणूस तोच, पण त्याचं वय गेलं होतं, ऊन गेलं होतं, शेत गेलं होतं.

आपल्या भाषेत या कामाला जुनं नाव 'छायालेखन' आहे. जुन्या मराठी सिनेमांच्या श्रेयनामावलीत हाच शब्द येतो. ज्यांनी तो रूढ केला त्यांनी कामाचं नाव उजेडावरून ठेवलं नाही, सावलीवरून ठेवलं. मला हा शब्द फार प्रिय आहे, आणि आता सगळे 'डीओपी', म्हणजे डिरेक्टर ऑफ फोटोग्राफी, म्हणत असले तरी मी माझ्या मुलांना, म्हणजे असिस्टंटना, हाच शब्द वापरायला लावतो. उजेड आपण लावतोच. सावली कुठं ठेवायची, हे ठरवावं लागतं.

तू खरी कॉर्नरवरून रोज जात असशील. तिथला कॅमेऱ्याचा स्तंभ एकदा थांबून बघ. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे नात्यातले भाऊ, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, म्हणून दोघांनाही लोक पेंटर म्हणू लागले. सिनेमाचा कॅमेरा बाहेरून आणायला पैसे नाहीत म्हणून त्यांनी तो इथंच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरा पुरा केला, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. शांताराम, दामले, फत्तेलाल ही मंडळी त्याच कंपनीत तयार झाली, १९२९ मध्ये त्यांनी कोल्हापुरातच प्रभात काढली आणि १९३३ मध्ये पुण्याला नेली. हे सगळं तुला शाळेत सांगितलं असेल. मला त्यातली एकच गोष्ट तुझ्यापुढं ठेवायचीय: हा माणूस, म्हणजे बाबूराव, आधी चित्रकार होता. कॅमेऱ्यासमोर जाण्याआधी त्याला कागदावर दिसत असायचं. वेशभूषा, पात्रांच्या हालचाली, सगळ्याची तो आधी रेखाटनं करायचा.

त्यांनी १९२५ मध्ये सावकारी जाचात जमीन गमावलेल्या शेतकऱ्यावर 'सावकारी पाश' हा मूकपट केला आणि १९३६ मध्ये तोच विषय बोलपटात पुन्हा केला. त्या बोलपटातल्या एका लाँग शॉटबद्दल जे. बी. एच. वाडिया यांनी लिहून ठेवलंय. एक उदास झोपडी, जवळजवळ अंधारात, आणि ऐकू येतं ते फक्त एका कुत्र्याचं रडणं. बस. वाडिया स्वतः मुंबईचे निर्माते, धावत्या घोड्यांचे आणि मारामारीचे सिनेमे करणारे, आणि त्यांच्या मनात वर्षानुवर्षं राहिला तो हा न हलणारा, नीट न दिसणारा शॉट. विचार कर, झोपडीच्या आत दिवा लावून रडणारं कुटुंब दाखवणं किती सोपं होतं. दाखवलं नाही. अंधार ठेवला आणि त्या अंधारात बघणाऱ्यानं आपल्या गावातली, आपल्या ओळखीची झोपडी घातली.

आता माझा एक शॉट सांगतो, कारण ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नव्हती.

करवीर तालुक्यातल्या एका गावात शूटिंग होतं. कौलारू घर, मागं स्वयंपाकघर, चूल, एक बारकी खिडकी आणि चुलीच्या वर छपरात एक काचेचं कौल. प्रसंग असा: मुलगा दुपारी घरी येतो आणि आईला सांगतो की शेत विकलं. आई भाकरी थापतेय. पटकथेत लिहिलं होतं, 'आईच्या चेहऱ्यावर धक्का.' मी त्या चेहऱ्यासाठी सकाळपासून तयारी केली. खिडकीतून एचएमआय, म्हणजे उन्हासारखा उजेड देणारा मोठा दिवा, आत सोडला, गेटवे पेपर हा अर्धपारदर्शक कागद लावून तो मऊ केला, समोरून थर्माकोल लावून डोळ्यांत उजेड आणला. चेहरा जवळ आणणारी ८५ची लेन्स लावली. छान दिसत होतं.

तालमीला आईचं काम करणाऱ्या बाई परातीसमोर बसल्या. मुलाचं काम करणारा दारात उभा राहून बोलला. आणि बाईंनी मागं वळून बघितलंच नाही. भाकरीवरचा हात थांबला. थापणं बंद. दोन-तीन श्वास तसेच. मग पुन्हा थाप सुरू झाली, पहिल्यापेक्षा थोडी हळू. दिग्दर्शकानं विचारलं, "वळणार नाही का?" त्या म्हणाल्या, "तिला आधीच ठाऊक असंल की. चार दिवस घरात कोण नीट बोलत नाही म्हटल्यावर आईला कळत नाही होय?"

मी सगळे लाइट बंद करायला सांगितले. नुसत्या घरातल्या उजेडात उभा राहून बघितलं. काचेच्या कौलातून उन्हाचा एक चौकोन खाली येत होता, चुलीच्या धुरामुळं त्याची वाट दिसत होती, आणि तो परातीत पडला होता. घराला ठाऊक होतं. ज्यानं शंभर वर्षांपूर्वी ते कौल तिथं बसवलं त्यानं ते भाकरी करणारीच्या हातावर उजेड पडावा म्हणूनच बसवलं होतं. मी सकाळपासून त्या घराशी भांडत होतो.

कॅमेरा मुलाच्या बाजूला, दाराजवळ नेला. जास्त जागा दाखवणारी ३५ची लेन्स, उंची जमिनीपासून दोन फूट, म्हणजे बसलेल्या माणसाची. आईची पाठ, अंबाडा, आणि खांद्याच्या पलीकडं परात आणि हात. चेहरा दिसत नाही. कानाचा कड तेवढा दिसतो, तोही अंधारात तीन स्टॉप खाली. एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा. अडचण एकच होती: कौलातलं ऊन थांबत नाही. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. दहा फुटांवरून पडलेला चौकोन वीस मिनिटांत परातीवरून उतरून शेणानं सारवलेल्या जमिनीवर जातो, आणि आम्हाला तर पूर्ण दुपार लागणार होती. म्हणून बाहेर बांबूची परांची बांधली, तिच्यावर बाराशे वॉटचा एचएमआय चढवला आणि त्या कौलावर मारला. उजेड घराचाच, फक्त त्याला धरून ठेवलं. थर्माकोल काढला. खिडकीवर काळं कापड टाकलं. चुलीत ओलसर शेणकूट ठेवलं, धुरासाठी.

निर्मात्यांकडचे एक गृहस्थ मॉनिटरपाशी येऊन म्हणाले, "बाईंचा चेहराच दिसत नाही." बरोबर होतं त्यांचं, एवढी मोठी अभिनेत्री घेतली होती. दिग्दर्शक ठाम राहिला. पुढं कोल्हापुरातल्या थिएटरात मी मागच्या रांगेत बसून तो प्रसंग बघितला. थाप थांबली तेव्हा शेजारच्या बाईनं आपला हात नवऱ्याच्या हातावरून काढून मांडीवर ठेवला. तिच्यापुढं कुठला चेहरा उभा राहिला, मला माहीत नाही. माझ्या ८५च्या लेन्सला तो कधीच मिळाला नसता.

म्हणून आता मी पटकथा वाचताना प्रत्येक प्रसंगाच्या समासात एकच गोष्ट लिहितो: इथं कुणाला काय ठाऊक आहे? मुलाला ठाऊक आहे आणि आईला नाही, असं मी समजलो होतो तोवर कॅमेरा आईच्या समोर होता. आईला आधीच ठाऊक आहे म्हटल्यावर कॅमेऱ्याची जागा बदलली, लेन्स बदलली, उजेड बदलला. कॅमेरा कुठं ठेवायचा हा प्रश्न दिसायला तांत्रिक आहे, पण त्याचं उत्तर माणसांच्या आपसातल्या नात्यात मिळतं. तुझ्या हळदीच्या व्हिडिओत ती आजी दाराकडं का बघत होती? कोण यायचं राहिलं होतं? तुला ठाऊक असतं, निदान तू विचारलं असतंस, तर गिंबल तिच्यापाशी थांबला असता. किंवा तू तिच्या मागं जाऊन बसली असतीस आणि तिच्या खांद्यावरून ते रिकामं दार दाखवलं असतंस. झेंडू आपोआप मागं धूसर झाला असता.

उजेड आतून शोधायचा, ही सवय लागायला तुला फार लांब जायला नको. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव तू लहानपणापासून ऐकलायस. आता छायालेखक म्हणून बघ. देऊळ पश्चिमाभिमुख. नोव्हेंबरात ९ तारखेच्या सुमारास आणि पुन्हा जानेवारीच्या शेवटी मावळतीचे किरण महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग वर चढत मुखापर्यंत जातात. दोन वेळा का, तर २१ डिसेंबरच्या साधारण चाळीस दिवस आधी सूर्य दक्षिणेकडं जाताना क्षितिजावरच्या ज्या ठिकाणी मावळतो, त्याच ठिकाणी चाळीस दिवसांनंतर परत येताना मावळतो. ढग आले, हवेत धूळ-बाष्प जास्त झालं, वाटेत इमारतीचा कोपरा आला, की किरण अलीकडंच संपतात, त्यावर दरवर्षी बातम्या येतात. मी लाइटिंगची पहिली समज तिथून घेतली असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. गाभाऱ्यात एरवी ऊन पोचत नाही. म्हणूनच ती पाच मिनिटं एवढी मोठी. ज्यानं हे बांधलं त्यानं अंधार आधी बांधला, दगडात, आणि उजेडाला यायला एकच वाट ठेवली.

हीच गोष्ट आपल्या मोठ्या छायालेखकांनी केलेली दिसते. सुब्रत मित्रांना 'अपराजितो'साठी, १९५६ सालची गोष्ट, काशीतल्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभं करून मिळालं. खऱ्या अंगणात उजेड वरच्या मोकळ्या आभाळातून येतो, त्याला एकच अशी दिशा नसते, सावल्या कडक पडत नाहीत. स्टुडिओतल्या दिव्यांनी ते होईना. त्यांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. परतून आलेला उजेड आभाळाचा झाला. आज सेटवर आपण 'बाउन्स मार' म्हणतो ते इतक्या सहज, पण त्यामागं 'या घरात उजेड कुठून येतो' हा एका माणसाचा हट्ट आहे. व्ही. के. मूर्तींनी उलट केलं. 'कागज के फूल'मध्ये, १९५९ साली, त्यांना रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा उन्हाचा एकच झोत हवा होता. दिव्यांचा उजेड पसरतो, उन्हाचे किरण जवळजवळ समांतर येतात. म्हणून त्यांनी मोठे आरसे लावून खरं ऊनच आत वळवलं. दोघांना दोन वेगळी उत्तरं मिळाली, कारण एका जागी आभाळ होतं आणि दुसऱ्या जागी झरोका.

आपल्या पावसाळ्यात तर सगळं कोल्हापूरच सुब्रत मित्रांच्या त्या कापडाखाली असतं. जुलैत पन्हाळ्यावर शूटिंग करताना नवखी पोरं खूश असतात, सावल्या नाहीत, चेहरे मऊ दिसतात. दोन दिवसांनी सगळं फुटेज लापशीसारखं दिसायला लागतं. तिथं उजेड वाढवू नकोस. चेहऱ्याच्या एका बाजूला, फ्रेमच्या अगदी कडेला, काळं कापड उभं धर. ते त्या बाजूचा उजेड खाऊन टाकतं आणि गालाला आकार येतो. माझ्या गाडीत बारा बाय बारा फुटांचं काळं कापड कायम असतं. दिव्यांपेक्षा ते जास्त वापरलं गेलंय.

सावळ्या चेहऱ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लग्नाच्या शूटिंगमधून आलेल्या प्रत्येकाला ही खोड मोडावी लागते. गिऱ्हाईक 'मुलगी उजळ दाखवा' म्हणतं, आणि हात आपोआप एक्स्पोजर वाढवतो. आपल्याकडची बहुतेक माणसं सावळी आहेत. उन्हात राबणारी तर आणखी. एक्स्पोजर वाढवलं की त्वचा राखाडी-गुलाबी होते, मागची भिंत जळते आणि माणूस परका दिसायला लागतो. सावळ्या त्वचेचा आकार उजळपणानं दिसत नाही, चमकेनं दिसतो. कपाळाच्या उंचवट्यावर, गालाच्या हाडावर, नाकाच्या दांडीवर जो ओला उजेड दिसतो ते त्या दिव्याचं प्रतिबिंब असतं. म्हणून दिवा मोठा हवा आणि बाजूला किंवा थोडा मागं हवा: सहा बाय सहा फुटांची चौकट, गेटवे किंवा पांढरं सुती कापड, चेहऱ्याच्या जितकी जवळ जमेल तितकी. मग त्वचा तिच्या जागी, म्हणजे एक-दीड स्टॉप खाली राहू दे. गुऱ्हाळावर बघ कधी रात्री. चुलवाणात चिपाडं टाकणाऱ्या माणसाचा अर्धा चेहरा पूर्ण काळा असतो आणि उरलेल्या अर्ध्यावर जाळाची तांबूस कड. काहिलीच्या वाफेपलीकडं गूळ करणारा गुळव्या उभा असतो, त्याची नुसती आकृती. त्याच्याइतका देखणा माणूस तुला कुठल्या मंगल कार्यालयात दिसणार नाही.

मी स्वतः काय शिकलो आणि कसा, तेही सांगतो. १९९४ मध्ये मुंबईला गेलो, कॅमेरे भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीत अटेंडंट म्हणून. पेट्या उचलणं, लेन्स पुसणं, चेंजिंग बॅगेत हात घालून अंधारात मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्याचा फिल्मचा डबा, भरणं. चारशे फुटांचा रोल सेकंदाला चोवीस फ्रेमनं चालवला की साडेचार मिनिटांच्या आत संपतो, हे हातात भिनलं. मग फोकस पुलर झालो, सहा-सात वर्षं. टेप घेऊन नटाच्या डोळ्यापासून फिल्मच्या जागेपर्यंतचं अंतर मोजायचं, आणि तो चालायला लागला की त्याच्याबरोबर लेन्सची रिंग फिरवायची. ते काम करताना मला माणसाची चाल कळली. कोण बोलण्याआधी पुढं झुकतो, कोण वाक्य संपल्यावर, हे फोकस पुलरला दिग्दर्शकाच्या आधी कळतं.

त्या काळातली एक चूक आजही माझ्याबरोबर आहे. एका वयस्क नटाचा रडण्याचा शॉट होता. एकच टेक झाला आणि युनिटमध्ये कुणाला बोलवेना. शॉटनंतर गेट तपासायचा असतो: फिल्म जिथून जाते त्या चौकटीत फिल्मचाच बारीक तुकडा, केसासारखा, अडकलाय का, ते टॉर्च लावून बघायचं. मीही भारावलेला होतो. वरवर बघितलं आणि "गेट ओके" म्हणालो. चार दिवसांनी लॅबमधून कळलं, पूर्ण शॉटभर फ्रेमच्या वरच्या कडेला एक केस नाचतोय. सेट उतरवला होता. त्यांना पुन्हा बोलावलं, एका भिंतीसमोर क्लोजअप घेतला. ते मनापासून करत होते, पण ते पहिलं परत आलं नाही, आणि ते मला एका शब्दानंही बोलले नाहीत. सिनेमात तो भिंतीसमोरचा क्लोजअप आहे. आज डिजिटल कॅमेऱ्यात गेट नाही, तरी मी प्रत्येक चांगल्या टेकनंतर एक मिनिट थांबून फ्रेमच्या चारी कडा बघतो, आणि माझ्या मुलांनाही बघायला लावतो. समोरच्या माणसानं जे दिलं ते सांभाळायची जबाबदारी आपली आहे. तुझ्या लग्नांतही तेच. मेमरी कार्ड दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही, कितीही रात्र होऊ दे.

आता तुझे पहिले दोन प्रश्न.

मोठा कॅमेरा घेऊ नकोस. उजेडापासून अंधारापर्यंत तुझ्या कॅमेऱ्यात आज जितके स्टॉप एकदम पकडता येतात, ते तुला पुरेसे आहेत. सिनेमाच्या कामाला कॅमेरा भाड्यानं येतो, तो छायालेखकानं विकत घ्यायचा नसतो, आणि कॅमेऱ्याचे हप्ते सुरू झाले की समोर येईल ते काम घ्यावं लागतं. ३५ची एक चांगली लेन्स घे. एक जड, न हलणारा ट्रायपॉड घे, आणि वर्षभर गिंबल कपाटात ठेव. महाद्वार रोडवरून काळं कापड घे, थर्माकोलचा मोठा तुकडा घे. आणि उजेड मोजणारा एक लाइट मीटर, जुना मिळाला तरी चालेल. मॉनिटर बघून उजेड ठरवायची सवय लागली की डोळा आळशी होतो. मीटर हातात घेऊन खोलीत फिरलीस की उंबऱ्यात किती, चुलीपाशी किती, देवघरात किती, हे अंगवळणी पडतं. आपल्या जुन्या घरांत दार आणि माजघर यांत पाच-सहा स्टॉपांचा फरक सहज असतो. तेवढ्या फरकात माणूस दारातून आत येताना काय होतं, यावर एक अख्खा प्रसंग उभा राहू शकतो.

हो, आणि मंगल कार्यालयातल्या दिव्यांखाली तुझ्या व्हिडिओत पट्टे आलेत. आपली वीज पन्नास हर्ट्झची, सेकंदाला पंचवीस फ्रेम असतील तर शटर एक-पन्नासांश सेकंद ठेव. बहुतेक पट्टे जातील.

संस्थेत जावं का? जमत असेल तर जा. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० मध्ये प्रभातच्याच जागेत सुरू झाली, म्हणजे कोल्हापूरहून गेलेल्या माणसांनी उभारलेल्या आवारात. तिथं चूक करायला वेळ मिळतो, वेगवेगळ्या भाषांची मुलं भेटतात आणि जगाचा सिनेमा बघायला मिळतो. मला ते मिळालं नाही आणि त्याची उणीव मला जाणवते. प्रवेश नाही मिळाला तर एखाद्या छायालेखकाकडं असिस्टंट हो. कोल्हापूर परिसरात मालिकांची, सिनेमांची शूटिंगं होत असतात, मोरेवाडीला चित्रनगरी आहे. सुरुवातीला मुलगी म्हणून पेट्या उचलू देणार नाहीत, मॉनिटरपाशी बसवतील. पेट्या उचल. कॅमेरा विभागात जो पेटी उचलतो त्यालाच तिच्यात काय आहे ते कळतं. संस्थेत गेलीस किंवा नाही, चित्रं मात्र बघायला हवीत. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटीतीर्थाची, रंकाळ्याची चित्रं रंगवली, तीच पाणी-झाडं तू रोज बघतेस. त्यांच्या चित्रात उजेड कुठल्या बाजूनं येतो आणि कुठं संपतो, ते बोट ठेवून शोध.

बाकी, लग्नाचं काम सोडू नकोस. घर त्यावर चाललंय, आणि खऱ्या माणसांचं एवढं रडणं-हसणं कुठल्याही सेटवर बघायला मिळत नाही. पण पुढच्या प्रत्येक लग्नात एक शॉट स्वतःसाठी काढ, गिऱ्हाईकाला न देण्यासाठी. ट्रायपॉडवर, न हलवता, तीस सेकंद. त्या घरातल्या एका माणसाचा, ज्याच्याबद्दल तुला काहीतरी ठाऊक आहे.

आणि आत्ता, या आठवड्यापासून, तुझ्या घरच्या स्वयंपाकघराचे फोटो काढ. एकच जागा, एकच लेन्स, कुठलाही दिवा न लावता, सकाळी सहापासून दर तासाला एक, दिवेलागणीपर्यंत. आई काम करत असेल तर करू दे, तिला बघायला सांगू नकोस. तिच्या हातावर उजेड कधी येतो आणि कधी निघून जातो, ते वहीत वेळेसकट लिही. असे चार दिवस कर, त्यातला एक पावसाचा किंवा ढगाळ असू दे. फोटो आणि वही दोन्ही पाठव. वही नक्की पाठव, मी आधी तीच बघणार आहे.